तेराव्या भागाचा पंचनामा

काष्टीला राहायला आल्यावर तिसऱ्याच दिवशी मी एका चोरीची पंच झाले.

सकाळचे साडेसात वाजले होते. शाळेत शिकवायला जायच्या गडबडीत मी वेणी घालत होते, तेवढ्यात घरमालक दाराशी येऊन उभे राहिले. अंगात बंडी, खाली जुनी खाकी पँट, हातात लिहायचं पॅड आणि त्याला लावलेला पिवळा पडलेला कागद.

"बाई, चोरी झालीय. मागच्या दारानं. पंच म्हनून समक्ष हजर व्हा."

माझ्या हातातली वेणी सुटली. जामखेडकडच्या खेड्यातून पहिल्यांदा एकटी राहायला आलेली मुलगी मी. आई रोज फोनवर विचारायची, 'घरमालक कसे आहेत? दार नीट लागतं ना?' आणि इथे तिसऱ्याच दिवशी चोरी! मी तशीच त्यांच्या मागोमाग गेले.

त्यांनी मला स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभं केलं. "सदर इसम हितून आत आला. चपला हितं काढल्या. सदर महिला त्या चुलीपाशी उभी हुती. इसमानं सुरा दाखविला. महिलेनं त्याला प्यायला पानी दिलं."

"पाणी? चोराला?"

"नोंद घ्या," ते म्हणाले. "मलाबी तितंच संशय आला."

"आणि गेलं काय काय?"

"पहिल्या भागात काय गेलं न्हाई. तिसऱ्यात बांगड्या जात्यात."

मला काहीच कळेना. पण कागदावर 'आम्ही खाली सह्या करणार पंच' असं छापील वळणाचं अक्षर होतं. त्यांनी बोट दाखवलं तिथे मी सही केली. त्यांनी घड्याळ पाहून वेळ घातली. तेव्हा आतून बांगड्या वाजल्या आणि एक शांत आवाज आला, "अवो, त्या पोरीला सांगा तरी, टीव्हीतली चोरी हाय म्हनून. घाबारली ती."

मी ज्या चोरीची पंच झाले होते, ती एका मालिकेत झाली होती. तीही माझ्या जन्माच्या आधी.

आमचे घरमालक म्हणजे निवृत्त पोलीस हवालदार रंगनाथ दरेकर. गाव त्यांना नाना म्हणतं. आतून बोलल्या त्या सुभद्राकाकी, त्यांच्या पत्नी. आणि ती मालिका म्हणजे 'मागचं दार'. ज्या काळी गल्लीत एकच टीव्ही असायचा, त्या काळातली. दर रविवारी संध्याकाळी लागायची आणि तेरा भागांत संपली. जयवंत नावाचा चोर एका घरात मागच्या दाराने शिरतो. घरात सुमन नावाची गाणं शिकवणारी मुलगी असते. ती ओरडत नाही, पाणी देते. तो पुन्हा येतो, मग पुन्हा, आणि नंतर नंतर चोरी करायचंच विसरतो. अडचण एवढीच, की सुमनचा थोरला भाऊ इन्स्पेक्टर असतो आणि तो ह्याच चोराच्या मागावर असतो.

त्या वेळी नानांनी प्रत्येक भाग पाहून त्याचा रीतसर पंचनामा केला होता. तेरा भागांचे तेरा पंचनामे, घटनास्थळाच्या नकाशासह. पोलिसांचं काम पडद्यावर इतकं चुकीचं दाखवलेलं त्यांना सहन झालं नव्हतं, म्हणून त्यांनी ते आपल्या परीने दुरुस्त केलं होतं. पण पंचनाम्याला दोन पंच लागतात आणि सगळ्या कागदांवर एकच सही होती, सुभद्राकाकींची. दुसऱ्या पंचाची जागा इतकी वर्षं रिकामी होती. गल्लीतला कोणीही त्या कामाला तयार होईना. मग मी भाडेकरू म्हणून आले. शिकलेली, सरकारमान्य शाळेतली शिक्षिका, नाही म्हणायला न शिकलेली.

"पण काकी तर घरच्याच," मी एकदा धीर करून म्हटलं. "घरचा पंच चालतो का नाना?"

"घरात दुसरं कोन हुतं?" नाना म्हणाले आणि पॅड उचलून आत गेले. एरवी ते असे उठून जात नसत.

नानांच्या बोलण्यातून पोलीस ठाणं कधी गेलंच नाही. मांजर दूध पिऊन पळालं तर 'सदर मांजर फरार'. भाजीत मीठ कमी पडलं तर 'मीठ गैरहजर'. दूधवाला उशिरा आला की त्याला उंबऱ्यावर उभं करून विचारायचे, "काष्टीच्या पुलावरून किती वाजता निघाला? सोबत कोन हुतं?" शनिवारच्या बाजारात ते भाजी घ्यायला जात, पण डोळे भाजीवर नसत. लोकांच्या पायांवर असत. "बाई, मानूस तोंडानं खोटं बोलतो. पायानं न्हाई बोलत." खोली देण्याआधी त्यांनी माझ्याकडून अडीच पानी जबाब लिहून घेतला होता. वडील काय करतात, ह्यावर मी जरा अडखळले. वडील गवंड्याच्या हाताखाली काम करतात. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीही झालं नव्हतं. नानांनी ते लिहिलं आणि नुसतं वाचून दाखवलं. पण पुढे वडील मला भेटायला आले, सिमेंटने फुटलेल्या हातांनी दाराबाहेर चप्पल काढून अवघडून उभे राहिले, तेव्हा ह्या माणसाने खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना कडक सलाम ठोकला. "बाईंचे वडील. आत या साहेब." माझ्या वडिलांना त्याआधी कोणी साहेब म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून नाना म्हणतील तिथे सही करायची, असं मी ठरवून टाकलं.

तर अशा रीतीने दर काही महिन्यांनी एक, असे माझ्या हातून बारा पंचनामे पूर्ण झाले. प्रत्येकाच्या आधी नाना तो भाग अथपासून इतिपर्यंत सांगत. सांगणं कमी आणि तक्रारच जास्त.

"चोर कंदी चपला काढून आत येतो व्हय? देवळात आलाय का?"

"इन्स्पेक्टरनं कडीला उघडा हात लावला. ठसे गेले! सगळे गेले!"

आणि सगळ्यात मोठी तक्रार, "तेरा भागात एक हवालदार न्हाई, बाई. एक न्हाई! मंग बेड्या कोन धरतं? गाडीत कोन बसवतं? आरोपीला च्या कोन पाजतं?"

तेरावा भागही ते सांगत आणि तो सांगताना मात्र एकही चूक काढत नसत. शेवटी इन्स्पेक्टर चोराला मागच्या दाराशी गाठतो. पिस्तूल रोखतो. सुमन मध्ये येत नाही, रडत नाही, नुसती बघते. मग इन्स्पेक्टर डोक्यावरची टोपी काढतो, घराला वळसा घालून जातो, पुढचं दार उघडतो आणि म्हणतो, 'ये. आता पुढच्या दारानं ये.' हे वाक्य नाना हळू आवाजात म्हणत. ते सांगू लागले, की सुभद्राकाकी हातातलं काम टाकून आत निघून जात. मला वाटायचं, शंभरदा ऐकून कंटाळल्या असतील.

"ह्याच्यावर सही करू?" मी विचारायची.

"ऱ्हाऊ द्या. ते प्रकरन अजून तपासावर हाय."

त्या इन्स्पेक्टरचे उपकार मानणारा एक माणूस मी पाहिला होता. तो म्हणजे नानांचे जावई, संपत. संगमनेरला त्यांचं रेडिओ, टीव्ही आणि आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पहिल्यांदा भेटले तेव्हा मी रीतीप्रमाणे विचारलं, "ह्या धंद्यात कसे आलात?"

"चोरी करून," ते म्हणाले.

मी चहाचा कप खाली ठेवला.

"खरंच सांगतो, बाई. आईबाप न्हवते, काम न्हवतं, गान्याचा लई नाद. बाजाराच्या दिवशी दुकानातनं रेडिओ उचालला आन् उसात जाऊन बसलो. आवाज जरा मोठा ठिवला. ह्यांनी धरलं." त्यांनी सासऱ्यांकडे हात केला.

"गुन्हा कबूल हाय," नाना गंभीरपणे म्हणाले.

पुढचं मंगलताईंनी, म्हणजे नानांच्या मुलीने सांगितलं. त्या नानांचा डबा ठाण्यात पोचवत असत. कोठडीतल्या पोराला कोणी डबा आणत नाही हे पाहून सुभद्राकाकी दोन भाकरी जास्त बांधू लागल्या. संपत तीन महिने शिक्षा भोगून बाहेर आले आणि त्या भाकरी कोण आणून देत होतं हे त्यांच्या लक्षात राहिलं होतं. वर्षभराने मंगलताई त्यांच्याशी लग्न करून संगमनेरला निघून गेल्या. नानांनी घरात त्यांचं नाव घ्यायला बंदी केली. फोटो काढून पेटीत टाकला. आणि नेमकं त्याच वर्षी 'मागचं दार' सुरू झालं.

"सरकारी टीव्हीवर एका इन्स्पेक्टरनं दार उघाडलं," संपत म्हणाले, "आन् दुसऱ्याच दिशी हे आमच्या दारात हजर. येष्टीनं. हातात लाडवाचा डबा. मला वाटलं, पुन्ना धरायला आले. मी मागनं पळायच्या तयारीत."

सगळे हसले. काकी तेव्हाही आत होत्या.

गेल्या वर्षी सुभद्राकाकी गेल्या. साधा ताप आला आणि आठवड्यात सगळं संपलं. त्यानंतर नानांनी दूधवाल्याला काही विचारलं नाही. मांजर दूध पिऊन त्यांच्यासमोर बसून राहायचं, तरी ते फरार झालं नाही की पकडलं गेलं नाही. 'मागचं दार'चं नावही त्यांनी काढलं नाही. मला ते बघवेना. म्हणून मी इंटरनेटवर ती मालिका शोधायला लागले. बरेच दिवस लागले, पण सापडली. कोणीतरी आपल्या वडिलांच्या जुन्या कॅसेटी उतरवून वर चढवल्या होत्या. चित्र मधूनच हलायचं, आवाज विहिरीतून आल्यासारखा, पण तेराच्या तेरा भाग होते. ते मी मोबाईलमध्ये घेतले. मला इतका आनंद झाला, की मी आधी संपतना फोन केला आणि मग नानांना सांगितलं. नानांनी फक्त "नोंद घेतली" म्हटलं. ठरलं असं, की काकींच्या वर्षश्राद्धाला सगळे जमतील, दुपारी जेवणं झाली की संपत आपल्या दुकानातला मोठा टीव्ही लावतील आणि सगळे मिळून शेवटचा भाग पाहतील. नानांच्या आवडीचा शेवट.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी, शाळेतल्या मोकळ्या तासाला, आवाज नीट येतो का हे पाहायला मी तेरावा भाग लावला.

इन्स्पेक्टरने चोराला मागच्या दाराशी गाठलं. पिस्तूल रोखलं. सुमन नुसती बघत होती. मी टोपी काढायची वाट पाहिली.

त्याने गोळी घातली.

शाळेच्या ग्रंथालयात बसून मी ओरडले. शिपाई धावत आला. मी मागे जाऊन पुन्हा पाहिलं, आणि पुन्हा. तिन्ही वेळा चोर उंबऱ्यावर पडला, चपला बाजूला तशाच राहिल्या, भावाने रुमालाने हात पुसले आणि सुमनने दाराला आतून कडी घातली. समाप्त. पुढचं दार अख्ख्या भागात कोणीही उघडलेलं नव्हतं.

मग ते आलं कुठून? तेवढ्यात मला एक गोष्ट आठवली. नानांनी एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, की त्या रविवारी ते घरी नव्हते, एका गावच्या यात्रेत बंदोबस्ताला होते. शेवटचा भाग त्यांना काकींनी सांगितला होता.

म्हणजे काकी खोटं बोलल्या होत्या. जन्मात मोठ्याने न बोललेल्या त्या बाईने आपल्या मनाने एक शेवट रचला होता. त्या शेवटावर विश्वास ठेवून एक बाप दुसऱ्या दिवशी एसटीत बसला होता. आणि आता मी, मोठी शिकलेली, त्यांच्याच श्राद्धाच्या दिवशी, त्यांच्या जावयासमोर, मोठ्या पडद्यावर ते खोटं उघडं पाडणार होते.

मी रात्रभर विचार केला असं म्हणणार नाही. विचार करण्यासारखं काही नव्हतंच. मी तो भाग मोबाईलमधून पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी पानं उठली. संपतनी ओसरीवर टीव्ही मांडला, वायरी जोडल्या. मंगलताईंनी आईचा हार घातलेला फोटो समोर आणून ठेवला. मी उभी राहून, पाठ केलेलं म्हटलं, "बारा भाग आहेत. तेरावा नाही. मला वाटलं होतं आहे, पण... कोणीतरी काढून टाकला बहुतेक."

"अरारा," संपत म्हणाले. "तोच तर बघायचा हुता."

खूप वाईट वाटलं त्यांना. मग पाहुण्यांना सोडायला ते आणि मंगलताई स्टँडवर गेले. ओसरीवर मी आणि नाना उरलो. नाना माझ्या पायांकडे बघत होते.

"बाई, समक्ष या."

मी समोर जाऊन बसले.

"जबाब द्या. भाग सापाडला हुता का न्हाई?"

मी मान खाली घातली.

"गोळी घालतो ना त्यो?"

मी दचकून वर पाहिलं. "नाना, तुम्हाला...?"

"यात्रेत च्याच्या हाटेलात टीव्ही हुता. बंदोबस्त सोडून मी दारात उभा राहून पाह्यला, उभ्यानं, शेवटापरेंत. खोटं कशाला बोलू? मला लई बरं वाटलं हुतं. म्हनलं, शाब्बास. असंच पायजे. घरी गेल्यावर हिला सांगनार हुतो, बघ, सरकारबी हेच म्हनतंय."

"मग?"

"घरी गेलो तर ही दारात उभी. मी पानीबी मागितलं न्हाई, तवर हिनं सुरुवात केली. टोपी काढली म्हनली. वळसा घालून गेला म्हनली. पुढचं दार उघाडलं म्हनली. बाई, लगीन होऊन वीस वर्सं झाल्ती, माज्याम्होरं हिनं एका वेळी चार वाक्यं बोलली न्हवती. त्या दिशी अर्धा तास बोलली. पाय थरथरत हुते. मी हजारो जबाब घेतले, बाई. खोटा जबाब मला मैलावरनं कळायचा. आन् ही तर माजी बायको."

"मग तुम्ही काय केलंत?"

"कागद घेतला. तिनं सांगितलं तसं लिहून घेतलं. वाचून दाखीवलं. तिनं सही केली. येवढा खोटा कागद मी जन्मात केला न्हाई." त्यांनी पँटच्या गुडघ्यावरून हात फिरवला. "सकाळच्या येष्टीनं संगमनेरला गेलो."

मी विचारलं, "काकींना कधी सांगितलंत, की तुम्हाला माहीत होतं?"

"आज सांगू, उद्या सांगू करत ऱ्हायलं." मग म्हणाले, "तिला शेवटापरेंत भ्या वाटायचं. मी त्यो भाग सांगाय लागलो की उठून आत जायची. मी मुद्दाम सांगायचो, बाई. दर वेळेला. म्हनलं, कंदीतरी थांबंल आन् विचारंल, तुमाला ठावं हाय का? मंग मी म्हननार हुतो, व्हय."

तो फोटोतला चेहरा माझ्याकडे बघत होता की नानांकडे, मला कळेना.

नाना उठले. आतल्या पेटीतून पॅड घेऊन आले. त्यावर तेरावा कागद होता. खाली एका कोपऱ्यात एकच सही, शाळा अर्धवट सोडलेल्या बाईची, प्रत्येक अक्षर वेगळं काढलेलं. दुसरी जागा कोरी.

"करा सही. तपास संपला."

मी पेन हातात घेतलं आणि थांबले. नाना म्हणतील तिथे सही करायची असं ठरवलेलं होतं, तरी थांबले. "नाना, पंचाने डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं. तुम्हीच शिकवलंत. मी तर वेगळंच पाहिलं."

"संपत सकाळी कोनत्या दारानं आत आला?"

मला आठवलं. दोन्ही हातांनी तो अवजड टीव्ही धरून, चपला पायातच, "सरका, सरका" करत ते आले होते.

"पुढच्या."

"डोळ्यानं पाह्यलं?"

"पाहिलं."

"मंग लिवा."

मी सही केली. काकींच्या सहीच्या शेजारी माझी सही फार मोठी आणि फार सफाईदार दिसत होती. तेवढ्यात बाहेर फाटक वाजलं. स्टँडवरून परतलेले संपत जिलेबीचा पुडा हातात घेऊन सरळ ओसरीवर चढले आणि म्हणाले, "काय चाललंय सासरे-बाईंचं?"

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"बाई," ते म्हणाले, "वेळ लिवा."